चेहरे साइटवर तपासून घ्यावेत

पोटापाण्यासाठी मी जन्मभर गटारं काढली. कागदावर. ड्राफ्ट्समन होतो मी. गटारं, मॅनहोल, जिन्यांचे छेद, गच्चीवरच्या टाक्या, असला सगळा माल. माणूस काढायची वेळ क्वचितच यायची, आणि आली तरी तो जिन्याशेजारी उंची कळावी म्हणून उभा केलेला, नाकडोळे नसलेला, दोन मिनिटांत उरकलेला. खरीखुरी माणसं मी एकदाच काढली. चार. त्या चौघांनी मला जो घाम फोडला, तो बहारीनच्या जुलैलाही कधी जमला नव्हता.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बहारीनमध्ये, अदलियातल्या एका बैठ्या व्हिलात आमचं ऑफिस होतं आणि मागच्याच गल्लीत माझी खोली. खोलीत मी आणि एक वसईकर. तो हॉटेलात रिसेप्शनला होता, मी अकोल्याचा. वसईकर एसी इतका थंड ठेवायचा की दुपारी झोपताना डोक्यावरून चादर घेऊन फक्त नाक बाहेर काढायचा. मी म्हणायचो, "अरे, मग एसी कमी कर ना." तो म्हणायचा, "बाबा, एसी कमी केला तर चादर कशाला घेऊ?" या युक्तिवादाला माझ्याकडे दोन वर्षांत उत्तर सापडलं नाही.

दोन वर्षं म्हणजे माझ्या पहिल्या कराराची. मी निघालो तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. मुलगी झाल्याचं मला फोनवर कळलं, तेही दुसऱ्याच्या फोनवर. तिचा एकच फोटो माझ्याकडे होता. मेव्हण्यानं गच्चीवर, भर दुपारी, उन्हाकडे पाठ करून काढलेला. पोरीच्या अंगात आजीनं शिवलेली झालरीची कुंची, आणि कुंचीच्या आत नुसता अंधार. चेहरा म्हणून काही नाहीच. मी तक्रार केली, तेव्हा मेव्हण्यानं दुसरा अख्खा रोल तिच्यावर खर्च केला. तो धुतला तर कोरा निघाला. तेव्हा माझी मुलगी म्हणजे एक कुंची, एवढीच मला माहिती.

बायको कॅसेट भरून पाठवायची. खोलीत कुणी नसताना मी टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकायचो. शेवटच्या कॅसेटमध्ये ती म्हणत होती, "अवो, पोरगी आता पयते. तुमचं पत्र पोस्टमन आनते ना, त मी तिले सांगतो, बाबाचं पत्र आलं. आता तिले वाटते पोस्टमनच बाबा आहे. त्याची सायकल दिसली का 'बाबा आले, बाबा आले' करत दारात जाते. तो बिचारा लाजते. लवकर बोलवा आमाले, नाहीत पोस्टमनलेच रोज चाय पाजा लागन."

यात हसण्यासारखं बरंच होतं. मी हसलो. मग कॅसेट उलटी करायची सोडून तसाच बसून राहिलो.

नव्या कराराबरोबर फॅमिली व्हिसा मिळू शकत होता, पण त्याला साहेबांच्या सहीचं पत्र लागायचं. पत्र मी टाइप करून घेतलं होतं, साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं, आणि दर दोन दिवसांनी ते ढिगाच्या तळाशी गेलं की हळूच उपसून पुन्हा वर आणून ठेवत होतो. साहेब इंग्रज, मनानं चांगला, पण कागदावर सही करायची म्हणजे त्याला दाढ काढल्यासारखं व्हायचं. आणि तो गुरुवारी संध्याकाळच्या विमानानं दोन महिन्यांच्या रजेवर निघाला होता. सही राहिली तर दोन महिने गेलेच. परत आल्यावर ढीग एवढा वाढलेला असणार की माझं पत्र दिवाळीपर्यंत वर यायचं नाही.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी साहेबानं मला बुदैयाला त्याच्या घरी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी घरी बोलावतोय म्हणजे पत्रच, दुसरं काय? वसईकरानं मला त्याचं अत्तरही दिलं.

पत्राचं नावही निघालं नाही. मॅडमनी, म्हणजे साहेबाच्या बायकोनं, चहा दिला आणि भिंतीवरून एक चौकट उतरवून माझ्या मांडीवर ठेवली.

साडेतीन-चारशे वर्षांपूर्वीचं, तपकिरी शाईनं काढलेलं चित्र. कुणी काढलं ते माहीत नाही. एका बुटक्या दारातून चार जण आत येतायत. पायघोळ झगे, झग्यांनाच शिवलेल्या टोप्या, कपाळाच्या खाली ओढलेल्या. पुढचा वाकून आत डोकावतोय, दुसऱ्याचा हात कडीवर, तिसऱ्याचे हात झग्याच्या आत आणि आत काय धरलंय ते समजत नाही. चौथा सगळ्यांत मागे, सगळ्यांत बुटका, नुसता उभा. चेहरे एकालाही नाहीत. टोपीच्या आत शाईच्या बारीक बारीक रेघा मारून काळोख भरलेला. आणि ते बघतायत कुणाकडे, तर चित्र बघणाऱ्याकडे. म्हणजे त्या घडीला माझ्याकडे.

"वडिलांचं आहे," मॅडम म्हणाल्या. "आता भावाच्या वाट्याला गेलंय. गुरुवारी मी त्याच्याकडे घेऊन चाललेय. त्याच्याआधी मला याची एक नक्कल करून देशील? जशी आहे तशी. चौकटीतून बाहेर मात्र काढायचं नाही, कागद फार जुना आहे."

"येस मॅडम," मी म्हणालो. साहेबाच्या बायकोला मी दुसरं काही म्हणण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी नाचायला सांगितलं असतं तरी मी येस मॅडमच म्हणालो असतो.

"सर, ते माझं पत्र..." निघताना मी पुटपुटलो.

"हे होऊ दे आधी," साहेब म्हणाला.

ऑफिसला दुपारी एक ते चार सुट्टी असायची. सगळे जेवायला-झोपायला जायचे, आणि मी चौकटीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवून त्या चौघांसोबत बसायचो. पहिल्या दिवशी दार काढलं, उंबरा काढला, झगे काढले. बांधकाम आणि कपडे, यात मला काही अडचण नव्हती. पण टोप्यांपाशी आलो की हात अडायचा. त्यातला काळोख नुसता काळा नव्हता. त्यात कुणीतरी होतं आणि आपला चेहरा मला दाखवत नव्हतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत एसीची घरघर, आणि हे चौघं. सोमवारी मी चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली. पण पाठमोऱ्या चित्राची नक्कल करता येत नाही, हा त्यातला एक बारकासा दोष होता.

वसईकराला एकदा दाखवायला आणलं. त्यानं आधी क्रूस केला, मग म्हणाला, "साधू असतील रे. फादर लोक."

"फादर असे येतात घरात?"

त्यानं चौकट उचलून डोळ्यांजवळ नेली. "नाय," म्हणाला. "आमचे तरी बेल वाजवतात."

आता माझ्या धंद्याची एक खोड सांगायला हवी. ड्राफ्ट्समनला कोरी जागा चालत नाही. खांब कुठवर जातो ते नकाशात दिसत नसेल, तर आम्ही आपल्या अकलेनं तो काढून टाकतो, भोवती ढगासारखी वेटोळी रेघ मारतो आणि शेजारी लिहितो: गृहीत धरले आहे, साइटवर तपासून घ्यावे. असं लिहिलं की आपण सुटलो, साइटवाला अडकला.

मंगळवारी दुपारी मी तेच केलं. भीतीनं केलं म्हणा, सवयीनं म्हणा. वाकलेल्याच्या टोपीत मी आमच्या प्रिंटिंगवाल्या चेट्टांचा चेहरा काढला. केरळचे गृहस्थ, मिशी भरघोस, नकाशांच्या प्रती काढताना अमोनियाच्या वासात आयुष्य गेल्यामुळे डोळे कायम पाणावलेले. त्यांचा चेहरा आत गेल्याबरोबर तो मारेकरी एकदम कुणाचीतरी हरवलेली चप्पल शोधणारा माणूस दिसायला लागला. मला इतकं हलकं वाटलं! कडीवर हात असलेल्याला वसईकर दिला. चादरीतून नाक काढलेला वसईकर, हुबेहूब. झग्यात हात घातलेला तिसरा माझा सासरा. मुलगी बघायला गेलो तेव्हा तो दारात अस्साच उभा होता, आणि बंडीत हात घालून त्यानं शेवटी काढली ती सुपारी.

चौथ्यापाशी थांबलो. तो बुटका, अंगाभोवती झगा घट्ट. टोपीला कडेनं एक चुणी होती, झालरीसारखी. पाकिटातला फोटो काढून शेजारी ठेवला. काळोखाची कुंची इथे, काळोखाची कुंची तिथे. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. काय काढणार? नाक कुणाचं, माझं की तिच्या आईचं, तेही मला माहीत नव्हतं. मग मी तिथे कोरं ठेवलं, ढग मारला आणि नेहमीच्या कोरीव अक्षरात इंग्रजीत टीप लिहिली: चेहरा साइटवर तपासून घ्यावा.

मी हे सगळं पेन्सिलनं केलं असतं तर ही हकिकत इथेच संपली असती. शाईनं केलं. आणि हात लागलाच आहे म्हणून कोपऱ्यात टायटल ब्लॉकही आखला: काढणार, तपासणार, मंजूर करणार. उत्तरेचा बाणसुद्धा काढला. त्या दाराची उत्तर कुठली हे मी कशावरून ठरवलं, ते आजही सांगू शकत नाही.

बुधवारी शुद्धीवर आलो. मॅडमनी मागितली होती नक्कल. मी दिली होती सासऱ्यासकट नवी आवृत्ती. अर्ध्या ब्लेडनं सासऱ्याचं नाक खरवडायला घेतलं तर कागदाला भोक पडायला लागलं. तेवढ्यात सनाबिसच्या साइटचे गटारांचे नकाशे तातडीनं द्यायचे निघाले. मी घाईनं ट्रेसिंग उचललं, रात्री खोलीवर नेऊन निस्तरू म्हणून गुंडाळलं आणि प्रिंटिंगच्या टेबलावर ठेवलं. जरा वेळापुरतं. पोस्टात टाकायचं पाकीट माणूस कचऱ्याच्या डब्यावर ठेवतो ना, तसं. संध्याकाळी विसरून घरी गेलो.

गुरुवारी सकाळी आठला टेबल स्वच्छ.

"चेट्टा, इथे एक ट्रेसिंग होतं."

"टेबल पे जो रखा, हम सब का प्रिंट मारा," चेट्टा म्हणाले. "ट्रेसिंग के साथ सनाबिस भेजा. खलास." मग जवळ येऊन, मिशीतल्या मिशीत हसत: "वो आदमी वाला भी. उसमें हम है ना?" आणि ड्रॉवर उघडून त्यांनी स्वतःसाठी काढलेली जादा प्रत दाखवली. घरी पाठवणार होते. दोन वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओरडताही येईना.

टॅक्सीनं सनाबिसला गेलो. साइटच्या फाटकातून आत शिरलो आणि जागीच थांबलो. धुळीतून चार जण माझ्याकडे येत होते. डोक्याला आणि तोंडाला फडकी गुंडाळलेली, कपाळाच्या खाली ओढलेली, आत नुसती सावली. पुढचा जरा वाकलेला. एकाचा हात सदऱ्याच्या आत. मी एक पाऊल मागे सरकलो, हे कबूल करायला हवं. दोन सरकलो.

"भाईसाब, किसको मंगता?" पुढच्यानं फडकं खाली ओढलं. विशीतला पोरगा, ओठावर नुकतीच मिसरूड. सदऱ्यात हात असलेल्यानं हात बाहेर काढला. त्यात कांदा आणि भाकरी होती. मागच्या बुटक्यानं विचारलं, "चाय पिएगा?"

चित्र फोरमनच्या केबिनच्या दारावर डकवलेलं होतं. फोरमन राजस्थानी, हिशोबी माणूस. त्यानं मला नकाशाचा अख्खा संच समोर मांडून दाखवला.

"साब, तेरा नंबर तक गटर है. चौदा नंबर में ये चार आदमी. हमने सोचा इंस्पेक्शन वाले आएँगे. कल से सबके हेल्मेट निकालके रखे हैं. कब आएँगे?"

"मफी इंस्पेक्शन, कुणी नाही येणार," मी म्हणालो. "ट्रेसिंग द्या."

"और ये चौथे का मुँह हमको चेक करना है? लिखा है, साइट पे." मागचे चौघंही आता उत्सुकतेनं डोकावत होते. "हमने आपके साहब को फोन करके पूछ लिया सुबह."

टॅक्सीत परत येताना रस्ता कसा गेला आठवत नाही. ट्रेसिंग मांडीवर, आणि डोळ्यांसमोर अकोल्याचा पोस्टमन, दारात बसून बशीतून चहा पीत.

साहेब माझ्या टेबलाशी उभा होता. हातात चेट्टांची प्रत आणि लाल पेन्सिल. कुठलाही नकाशा तपासावा तसा तो वरून खाली तपासत गेला. चेहऱ्यांवर फुली, एक, दोन, तीन. उत्तरेच्या बाणावर फुली. टायटल ब्लॉकवर आडवी रेघ. चौथ्याच्या ढगापाशी पेन्सिल थांबली. त्यावर त्यानं काहीच केलं नाही. खाली लिहिलं: नामंजूर, पुन्हा काढून सादर करणे.

"एक वाजता माझी बायको येतेय," म्हणाला. "आता दहा वाजलेत. यल्ला, लाग कामाला."

"सर, पत्र..."

"एक वाजता."

तीन तासांत मी ते चित्र पुन्हा काढलं. आधी चार दुपारी जे जमलं नव्हतं ते. हात कुठे अडला नाही. टोपीतला काळोख रेघेवर रेघ मारत भरत गेलो, आणि त्यातून कुणी बघत असल्यासारखं वाटेना. पहिल्यात चेट्टा होते, पाणावलेल्या डोळ्यांनी. दुसऱ्यात वसईकर एसीला वैतागून. तिसऱ्याच्या मुठीत सुपारी नाहीतर कांदा. मला माहीत होतं, एवढं पुरे होतं. कागदावर काळोखच राहू दिला. चौथ्याचा काळोख मी सर्वांत सावकाश भरला.

एक वाजता मॅडम आल्या. नवी नक्कल चौकटीशेजारी धरून त्यांनी बराच वेळ पाहिली. "लहान असताना जिन्यात हे चित्र आलं की मी डोळे मिटून पळायची," म्हणाल्या. "आणि आता हे घरात नसणार म्हटल्यावर करमेना." मग त्यांची नजर लाल फुल्यांच्या प्रतीकडे गेली. साहेबानं ती लपवायचा प्रयत्न केला नाही. उलट मलाच वाटलं, त्याला ती दाखवायची होती. त्या हसायला लागल्या. चेट्टांना आतून बोलावून चित्राशेजारी उभं केलं, मग आणखी हसल्या. चेट्टा ताठ उभे होते, फोटो काढताना राहावं तसे.

"याचा का नाही काढला?" चौथ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

आता काय सांगणार? मी पाकिटातला फोटो काढून दिला. त्यांनी फोटो पाहिला, चित्र पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे बाळ आहे?"

"येस मॅडम. माझी मुलगी."

"चेहरा?"

"पाहिलेला नाही, मॅडम. साइटवर तपासायचाय."

मी विनोद केला असं मला वाटत होतं. पण कुणी हसलं नाही. साहेब आपल्या खोलीत गेला. ट्रे उलटापालटा केल्याचा आवाज आला. पत्र घेऊन बाहेर आला, तेही सगळ्यांत वर असलेलं.

"हे एकच पत्र आहे?" त्यानं विचारलं. "महिनाभर रोज वर दिसतं. मला वाटलं, तू ढीगभर देऊन ठेवलीयस."

आणि माझ्याच पेनानं, माझ्याच टेबलावर सही केली. शाई वाळेपर्यंत मी पत्राला हात लावला नाही. मला ब्लेडचा अनुभव ताजा होता.

जानेवारीत त्या दोघी आल्या. बहारीनच्या जानेवारीत समुद्रावरून बोचरं वारं येतं, म्हणून वसईकरानं मला त्याचं टोपीचं जाकीट दिलं होतं. विमानतळावर टोपी डोक्यावर, तशीच ओढलेली, मी दोन तास दाराकडे तोंड करून उभा. त्या बाहेर आल्या. बायको जरा वाळली होती. तिच्या कडेवर लाल फ्रॉक, दोन शेंड्या, आणि कुंची नाही. मी धावत गेलो आणि वाकून तिच्यासमोर डोकावलो.

तिनं माझ्या टोपीच्या आत पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"अवो, ते टोपडं काढा आधी," बायको म्हणाली. दोन वर्षांनी प्रत्यक्ष ऐकलेलं पहिलं वाक्य.

मी टोपी मागे टाकली. पोरीनं आईच्या खांद्यात तोंड लपवून एका डोळ्यानं मला तपासलं. नाक माझं होतं, बिचारीचं.

"हे बाबा," बायको तिला म्हणाली.

पोरगी पटलेली दिसली नाही. तिनं माझ्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"सायकल कुटी आहे?" तिनं विचारलं.

लाल फुल्यांची ती प्रत माझ्याकडेच राहिली होती. त्याच आठवड्यात एका सकाळी मी तिला जेवणाच्या टेबलावर बसवलं, प्रत पुढ्यात घेतली आणि चौथ्या टोपीत शाईनं तिचा चेहरा काढायला बसलो. ती एक क्षण स्थिर राहीना. आधी पेन पाहिजे, मग लाल पेन्सिल, मग "हे कोन, हे कोन" म्हणत तिघांच्या नाकांवर बोटं. "हे चेट्टाकाका. हे वसईचे काका. हे तुझे आजोबा." चौथ्यावर बोट आलं.

"हे कोन?"

"बघ बरं."

तिनं पाहिलं आणि लाल पेन्सिलनं त्यावर मोठी फुली मारली. तपासणाऱ्याचा हक्कच तो. नाकही माझ्या हातून जरा वाकडं आलं होतं, पण मी ब्लेड घेतलं नाही. टिपेखाली तारीख टाकली, तपासले असं लिहिलं, आणि प्रत दारामागे लावून टाकली.